अर्धं तांबं, अर्धा ससा

पामर्स्टन नॉर्थमध्ये वारा पडला की लोक दारात येऊन आभाळाकडे बघतात, काही बिघडलं की काय म्हणून. त्या आठवड्यात असं बघायची वेळ कुणावरच आली नाही. दोरीवरची दुपटी आडवी होऊन उडत होती. डोंगराच्या धारेवरच्या पवनचक्क्या मागे कुणी लागल्यासारख्या फिरत होत्या. विनिताच्या स्वयंपाकघराची खिडकी थंडीने दात वाजावेत तशी मधूनमधून वाजत होती, आणि त्याच खिडकीशी, टेबलाच्या कडेला एक छोटा वाइस, म्हणजे गळ धरायची पकड, आवळून, विनिता माशी बांधत बसली होती.

माशी म्हणजे खोटी माशी. ट्राउट मासे पकडायला बारक्या गळावर दोरा, पिसं आणि केस गुंडाळून करतात ती. त्यातही विनिताची ही निम्फ. पंख फुटायच्या आधी नदीच्या तळाशी दगडाला चिकटून राहणारं किड्याचं पिल्लू. गव्हाच्या दाण्याएवढा गळ. त्याच्या डोक्याशी मोहरीसारखा काचेचा मणी. मागे शेपटीला फेझंट पक्ष्याच्या पिसाचे दोन-तीन धागे. पोटाला तांब्याच्या तारेचे दोन-चार वेढे. आणि छातीला सशाचे केस, चिमटीत घेऊन दोऱ्यावर वळायचे आणि मण्यामागे गुंडाळायचे. शेवटी गाठ. झालं. शेजारची ग्लेनिस म्हणायची, "चहा निवायच्या आत एक व्हायला पाहिजे, लव्ह."

विनिताचा चहा रोज निवत होता. माशी मात्र एका बैठकीत कधी झाली नव्हती. शेपटी बांधली की जुई उठायची. पोट झालं की जुईला भूक लागायची. जुईला दात येत होते आणि ती नुकती रांगायला लागली होती. म्हणजे झोपेतही ती कुठेतरी निघालेलीच असायची. सिंकवरच्या बुचाच्या पट्टीला अर्धवट माश्या टोचून ठेवलेल्या होत्या. कुणाला शेपूट होती तर डोकं नव्हतं, कुणाचं पोट उघडं होतं. भांडी घासताना त्यांच्याकडे बघून विनिताला आपले सगळे दिवस तिथे टांगल्यासारखे वाटायचे.

वाइस ग्लेनिसनेच दिलेला. ती शाळेची बस चालवायची. रिटायर झाल्यापासून नदीवरच असते म्हणा ना. जुई झाली तेव्हा एक लझान्या आणि पिसांनी भरलेला एक खोका घेऊन ती दारात उभी राहिली होती. "सगळे तुला सांगतील, बाळ झोपलं की तूही झोप. मला नव्हतं जमत. हाताला काहीतरी चाळा पाहिजे, नाहीतर डोकं आपलं आपल्यालाच खातं."

खरं होतं ते. आणि ह्या आठवड्यात तर डोक्याने खायचा सपाटाच लावला होता.

विनिता एका गवताच्या बियांच्या संशोधन संस्थेत काम करायची. दोन जातींचा संकर करून दुष्काळात तग धरेल असं गवत काढायचं, असलं काम. सोमवारच्या सुट्टीचा लेबर वीकेंड संपला की मंगळवारी तिला बाळंतपणाच्या रजेवरून रुजू व्हायचं होतं. जागा एकदा धरून ठेवली होती, परत धरता येणार नाही, असं तिच्या बॉसने अगदी गोड शब्दांत कळवलं होतं. डेकेअरमध्ये जुईला फेब्रुवारीशिवाय जागा नव्हती. म्हणून तर तिच्या नवऱ्याने, सागरने, तासगावहून आपल्या वडिलांना बोलावून घेतलं होतं.

म्हणजे विनिता आणि सागर ह्यांच्यापुरतं तसं होतं. बाबांना सागरने सांगितलं होतं, "आराम करायला या."

गुरुनाथ, म्हणजे बाबा, आयुष्यात आराम ह्या गोष्टीच्या वाटेला गेले नव्हते. तासगावात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की ती बाबांच्या टेबलावर यायची आणि बाबा तिचं जळकं पोट उपसून नव्या तांब्याच्या तारेने भरायचे. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तसं त्यांनी दुकान पुतण्याच्या ताब्यात दिलं, आणि आता सागरने बोलावलं म्हणून इकडे आले. आल्या दिवसापासून विनिता त्यांना फार जपत होती. कप विसळायला गेले की, "बाबा, राहू द्या, तुम्ही बसा." दुपटी काढायला गेले की, "बाबा, वारा आहे, तुम्ही बसा." जुई रडली आणि ते पाळण्याकडे वळले की, "आले आले, तुम्ही बसा हो." तिच्या आईने तिला असंच वळण लावलं होतं. सासरा घरात आला की त्याच्या हाताला काम लागता कामा नये.

बाबा बसायचे. मग उठायचे. दारातल्या पत्रपेटीपर्यंत जायचे, तिचं झाकण उघडून आत बघायचे. आत कधीच काही नसायचं. परत यायचे. थोड्या वेळाने पुन्हा. विनिता गळावर दोरा गुंडाळायची आणि खिडकीतून बाबा पत्रपेटीला गुंडाळल्यासारखे फेऱ्या मारताना दिसायचे.

त्या संध्याकाळी सागर कामावरून आला, तो बूटसुद्धा न काढता तिला गॅरेजमध्ये घेऊन गेला. तो पवनचक्क्यांच्या देखभालीवर होता; अंगात अजून ते भगभगीत पिवळं जाकीट.

"हे ऐक," म्हणून त्याने फोन पुढे केला. आधी नुसताच वाऱ्याचा आवाज. मग बाबा, दुकानातून ओरडून बोलावं तसे: "सागर, मी बाबा बोलतोय. परतीचं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ. हितं माझं काय काम नाही. बरं. ठेवतो."

"पत्रपेटीपाशी उभं राहून केलाय," विनिता म्हणाली. "मी बघत होते त्यांना. मला वाटलं, कुणाशी तरी गप्पा मारतायत."

"तिकिटाचा एजंट सोमवारपर्यंत थांबतोय म्हणाला."

"मग तू बोल ना त्यांच्याशी."

"काय बोलू? बाबा, आराम वगैरे काही नाही, पोरगी सांभाळा? आयुष्यभर राबलाय माणूस. मला नाही ते तोंडातून निघणार. तू बोल."

"मी? सून म्हणून आल्यापासून मी त्यांना एक ग्लास पाणी मागितलं नाहीये, आणि आता डायरेक्ट मूल सांभाळा म्हणू?"

 वाऱ्याने गॅरेजचं दार दाणकन आपटलं आणि आत जुई दचकून रडायला लागली. बोलणं तिथेच राहिलं. बुचाच्या पट्टीवर आणखी एक.

दुसऱ्या दिवशी ग्लेनिस कुंपणावरून डोकावली. शनिवारी पोहांगिना नदीवर जाऊ म्हणाली. नदीचं पाणी उतरलंय, मासे तळाशी खातायत. "तुझ्या सशाच्या माश्या तरंगतात, विनी. केस हीप्स, नुसता ढीग; वजन शून्य. आणि दोन मासे चावले की सुटतात. मला पोटाला घट्ट तांबं आणि छातीला ससा अशा हव्यात. हायब्रीड. माझी बोटं आता तार ओढू देत नाहीत, नाहीतर तुला सांगितलं नसतं." तिने आपली सांध्यांत सुजलेली बोटं उघडून दाखवली आणि लगेच मिटली.

विनिता जुईला निजवून बसली. गळ धरला, मणी ओवला, शेपटी बांधली. तार लावली आणि ताण धरून एकेक वेढा घालायला लागली. तार अर्ध्यावर आली आणि आतून जुईने सूर लावला. अशा वेळी तार लोंबती ठेवायला एक इवलासा चिमटा असतो. तो जुईने सकाळीच सोफ्याखाली कुठेतरी पोचता केला होता. हात सोडला असता तर सगळं उसवलं असतं. बाबा नेमके पत्रपेटीवरून परत येत होते.

"बाबा, हे जरा धरा हो!"

बोलून गेली आणि तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली. पण बाबा आले. खुर्चीच्या मागून वाकून त्यांनी तारेचं टोक अंगठा आणि बोटात घेतलं, तिच्या हातातून ताण जराही न सुटू देता, अलगद. विनिता आत पळाली.

लंगोट बदलला, कपडे बदलले, कारण प्रकरण पाठीपर्यंत गेलेलं होतं. जुईला काखेत घेऊन ती बाहेर आली तेव्हा बाबा तिच्या खुर्चीत बसले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि गळाचं पोट पूर्ण झालं होतं. वेढ्याला वेढा लागलेला, मधे नखाची फट नाही. खिडकीच्या उजेडात ते लालसर चमकत होतं.

"सोडली असती तर उसवली असती," बाबा चोरी पकडल्यासारखे म्हणाले. "म्हणून नेली पुढं."

"छान झालंय. पण थोडी फट ठेवायची असते, बाबा."

"फट? फट ठिवली तर मोटार जळंल."

"ही मोटार नाहीये ना पण."

"ते दिसतंय मला," बाबा म्हणाले, पण नजर गळावरच होती. "तार कुठली ही? लई मऊ. हिच्यात काय दम नाही. तो मिक्सर जळलाय ना तुमचा, गॅरेजमधला?"

मिक्सर पुण्याहून आणलेला. गेल्या गौरी-गणपतीला पुरण वाटताना धूर सोडून गेला होता. बाबांनी गॅरेजमध्ये जाऊन तो उघडला आणि मोटारीतली शाबूत तार सोडवून घेतली. दुपारभर घरात कुणी पत्रपेटीचं झाकण वाजवलं नाही. संध्याकाळी विनिताने पाहिलं तर वर्तमानपत्रावर मणी, शेपटी लावलेल्या गळांवर तांब्याच्या नुसत्या पोटांची ओळ मांडलेली: सारख्या मापाची, सारख्या चमकेची, वर लॅकरचा हात मारून वाळत ठेवलेली. बाबा हात पुसत उभे होते. विमानतळावर उतरल्यापासून इतके सरळ उभे राहिलेले तिने त्यांना पाहिलं नव्हतं.

"शेजारच्या बाईंना दाखव," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी ग्लेनिस आली. तिने एक गळ तळहातावर घेऊन खिडकीशी नेला. "गुरू," ती म्हणाली, गुरुनाथ तिला कधी पेललंच नाही, "हे सुंदर आहे. फार सुंदर. प्रॉब्लेम असा की मासा हे खाणार नाही, मेट. कपाटात मांडून ठेवील." आणि आपल्याच विनोदावर ती मनापासून हसली.

बाबांना एवढं इंग्रजी कळत होतं. तेही हसले. "नो प्रॉब्लेम," म्हणाले. वर्तमानपत्राची चौकोनी घडी घातली, माश्या एका वाटीत भरल्या, वाटी विनिताच्या वाइसशेजारी ठेवली आणि खोलीत गेले. थोड्या वेळाने आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मग कपाटाचं दार. मग पुन्हा चेन.

विनिताला मंगळवारची काळजी लागली.  पण तिच्या आत आणखी एक होती, ती नवीन होती. हा माणूस आपल्या घरात इतके दिवस राहिला, त्याला काल एका दुपारपुरता जीव आला, आणि तोही एका हसण्याबरोबर गेला. ती खोलीच्या दारापर्यंत गेली, हात वर केला आणि परत आली. काय म्हणणार? बाबा, बसा?

तिने वाटीतली एक माशी उचलून वाइसमध्ये लावली. जुईला उंच खुर्चीत बसवून पुढे केळं कुस्करून दिलं. सशाचे केस चिमटीत घेतले, दोऱ्यावर वळले. जुईने केळं खाली टाकलं. ते पुसलं. केस मण्यामागे गुंडाळले. जुईने रिकामी वाटी मागितली, चमचा मागितला, दोन्ही फेकलं. गाठ मारली. सुईच्या टोकाने केस विस्कटून मोकळे केले. मग दुसरी. पोटं आधीच झालेली होती, त्यामुळे तिच्या वाट्याला जेवढं उरलं होतं ते जुईच्या दोन रडण्यांच्या मधे मावत होतं. एक पुरी झाली, आणखी एक, आणखी एक. विनिताला हसूच आलं. किती दिवसांनी तिने सुरू केलेलं काहीतरी संपत होतं.

बाबा पाणी प्यायला आले तेव्हा तिने एक त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी चष्मा वर सरकवला. "हिला झोपेतनं कुणी उठवलं?"

"असंच पाहिजे. पाण्यात गेलं की हे केस हलतात. किडा पाय मारतोय असं वाटतं माशाला."

"आणि तार?"

"ती तळाला नेते. तारेशिवाय माझी तरंगते नुसती."

"म्हणजे बुडवायचं काम माझं," बाबा म्हणाले. जरा वेळ त्यांनी ती माशी बोटाने इकडून तिकडे लोळवली. "काय म्हणत होत्या त्या बाई, हायब्रीड?"

"हो. दोन जातींची मिळून एक. आमच्या लॅबमध्ये तेच तर करतो, गवताचं."

"आमच्याकडं हायब्रीड म्हणलं की ज्वारी. भाकरीला चव नाही, पण उतारा बक्कळ."

विनिता हसली. तेही हसले, आणि ह्या वेळी खरं. तिला धीर आला. "बाबा, उद्या चला नदीवर. तुम्हीच बघा, घेतो का मासा."

"मी काय करू तिथं?"

"काही नाही हो, नुसतं बसायचं. फोल्डिंगची खुर्ची घेऊ तुमच्यासाठी."

दिवा गेल्यासारखा त्यांचा चेहरा गेला. "बघू," म्हणाले. ग्लास विसळायला नळाशी गेले, मग काहीतरी आठवल्यासारखा तो तसाच ओट्यावर ठेवला आणि गेले.

शनिवारी सागरला डोंगरावर ड्यूटी होती. ग्लेनिसच्या गाडीत मागच्या सीटवर एका बाजूला जुईची खुर्ची, दुसऱ्या बाजूला मांडीवर हात ठेवून बाबा. वाटेत ग्लेनिस त्यांना माशांची कुळकथा सांगत होती. इथले रेनबो ट्राउट मूळचे इथले नव्हेत, कॅलिफोर्नियातून अंडी आणली होती. तिकडे ह्यांचेच भाऊबंद समुद्रात जातात आणि अंडी घालायला आपल्या नदीत परत येतात. त्यांना स्टीलहेड म्हणतात. इकडचे बहुतेक समुद्राच्या भानगडीत पडतच नाहीत. आपल्या तळ्यांत आणि नद्यांत सुखात राहतात. विनिता मराठीत सांगत गेली.

"म्हणजे ह्यांना पण रेसिडेन्सी मिळाली म्हणायची," बाबा म्हणाले. ग्लेनिसला ते सांगितल्यावर तिने स्टिअरिंगवर थाप मारली.  बाहेर कोकरं पळत होती आणि गाडीला वारा लागून ती मधूनच बाजूला सरकत होती.

पोहांगिनाचं पात्र रुंद, राखाडी गोट्यांचं. पाणी एका अंगाने वाहणारं, काठाला विलोची झाडं. ग्लेनिसने विनिताला प्रवाहाच्या कडेला गुडघाभर पाण्यात उभं केलं आणि स्वतः वर बरीच पुढे गेली. बाबा गोट्यांवर खुर्चीत. शेजारी प्रॅममध्ये जुई.

विनिताने दोर फेकला. माशी पाण्यात शिरली आणि सरळ खाली गेली. तिला गळाच्या काठीतून कळलं, तळाला ठकठक लागत होतं. हे पहिल्यांदाच. दोर खाली वाहत आला. तिने मागे वळून बघितलं. जुई ठीक होती. पुन्हा फेकला. पुन्हा बघितलं. तिसऱ्या वेळी बघता बघता वाऱ्याने दोर तिच्याच टोपीला गुंडाळला. जुईने कुरकुर सुरू केली तशी ती पाण्यातून बाहेर आली, टोपी नीट केली, बाटली दिली. "मी देतो की," बाबा म्हणत होते. "नको नको, तुम्ही बसा," म्हणून पुन्हा पाण्यात. पुन्हा रडणं, पुन्हा बाहेर. बुटांत पाणी, गोट्यांवरून फचफच.

ग्लेनिस वरून ओरडली, "विनी! नदीत राहा नाहीतर काठावर राहा. मासे गोंधळलेत!"

ती पुन्हा शिरली. ह्या वेळी दात आवळून पाण्याकडेच बघायचं ठरवलं. मागे जुईचं रडणं वाढत चाललं होतं. वाऱ्याबरोबर ते मोठं व्हायचं, बारीक व्हायचं. पाण्याकडे बघ. पाण्याकडे. आणि मग एकदम रडणं थांबलं.

विनिताने वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. प्रॅम रिकामी होती. काठावर कुणीही नव्हतं.

आपण काय करतोय ते तिला कळलं नाही. ती पाण्यातून तशीच पळत सुटली. हातात काठी होती, मागे दोर फरफटत येत होता, गोट्यांवर एकदा गुडघा आपटला. "बाबा! बाबा!" विलोच्या झाडांना वळसा घालून ती पलीकडे गेली.

तिथे वारा नव्हता. बाबा बुंध्याला पाठ लावून उभे होते. जुईला त्यांनी खांद्यावर आडवं घेतलं होतं. स्वेटरच्या आत अर्धी घातली होती म्हणा ना. ती झोपली होती, तोंड उघडं, गालावर रडण्याचं पाणी तसंच. बाबांचा हात तिच्या पाठीवर हलकेच फिरत होता, तार गुंडाळावी तसा, न थांबता, एकसारखा.

"श्श," ते म्हणाले. "तिला वारा लागत होता तोंडावर. म्हणून आडोशाला आणली."

विनिता धापा टाकत बुंध्याला टेकली.

"सागरला असं कधी घेतलं नव्हतं," बाबा हळू आवाजात म्हणाले. "आमचे वडील, अण्णा, ओसरीवर असायचे. थोरांसमोर आपलं पोर उचलायचं नाही, अशी रीत आमच्यात. पोरगा चालायला लागला तवा त्याचं बोट धरलं." मग त्यांनी हनुवटीने तिच्या हाताकडे खूण केली. "तुझी ती काठी बघ. काय तरी वढतंय."

काठी वाकली होती. दोर झाडाच्या कडेने पाण्यात ताणलेला होता आणि दुसऱ्या टोकाला काहीतरी जिवंत, रागावलेलं, झटके देत होतं. पुढे ग्लेनिसने सांगितलं, तळाची माशी अशी अचानक वर उठली की माशाला वाटतं, किडा पळाला. तो मग विचार करत नाही. विनिता पळाली आणि माशी उठली.

त्या क्षणी मात्र तिला फक्त काठी आणि बाळ दिसत होतं. तिचा डावा हात सवयीने जुईकडे गेला होता. तो तिने परत काठीवर नेला.

"बाबा, तिला धरा. द्यायची नाही मला."

"मग काय खाली ठेवतोय का? तू जा."

ती पाण्याकडे गेली. मासा एकदा उसळला. लांब, अंगावर गुलाबी पट्टा. चकाकला आणि धपकन पडला. ग्लेनिस दूरवरून जाळी हलवत, अडखळत, ओरडत येत होती. "टोक वर! टोक वर ठेव!" विनिताने टोक वर ठेवलं. तिने एकदाही मागे पाहिलं नाही.  मासा काठाशी आला, तिला त्याचा डोळासुद्धा दिसला. मग त्याने डोकं झटकलं आणि दोर एकदम हलका झाला.

बाबा जुईसकट झाडाच्या कडेला आले होते. "गेला?"

"गेला."

"माशी?"

विनिताने दोराचं टोक ओढून बघितलं. गाठीपाशी तुटला होता. "घेऊन गेला."

"मग आपली उसवली नाही," बाबा म्हणाले. "तुझी गाठ कच्ची."

"स्वीट ॲज, एकदम झकास," ग्लेनिस धापा टाकत पोचली. "कपाटात मांडायला घेऊन गेला, गुरू. मी सांगितलं होतं." आणि त्यांच्या मोकळ्या खांद्यावर तिने थाप मारली. मग दोघांचे चेहरे बघून तिला गाडीतला थर्मास आठवला आणि ती तो आणायला गेली.

विनिता गोट्यांवर बसली. बुटातलं पाणी ओतलं. आता नाही बोललं तर हेही पट्टीला टोचून ठेवावं लागेल, असं तिला वाटलं.

"बाबा, सागरने तुम्हाला आराम करायला या म्हणून सांगितलं ना, ते खरं नाहीये. मला मंगळवारी कामावर जायचंय. जुईजवळ राहायला घरातलं माणूस पाहिजे. तुम्ही पाहिजे आहात. पण विचारायला लाज वाटली. तुम्ही गेलात तर मला काम सोडावं लागेल. तरी जायचं असेल तर जा, पण हे माहीत असून जा."

 बाबांनी जुईची टोपी खाली ओढली.

"मला वाटलं, तुम्हाला भीती वाटते," ते म्हणाले. "हे हात असे खरबरीत. पोरीला टोचतील. म्हणून तू दर वेळी 'बसा' म्हणतीस."

"नाही हो, बाबा." तिने बूट बाजूला ठेवला. "मी मान म्हणून म्हणत होते."

"असला मान माझ्या दुकानात जळलेल्या मोटारीला देतात. कोपऱ्यात ठिवून." ते हसले, पण डोळे पाण्याकडे होते. "किती वाजता निघायचं असतं तुला?"

"आठला."

"डबा?"

"डब्याचं मी करीन हो, तुम्ही ब—"

तिने ओठ मिटले. बाबांनी तिच्याकडे बघितलं. दोघांनाही एकदमच हसू फुटलं, आणि जुई त्या हिसक्याने स्वेटरमध्ये वळवळली. तिच्या पाठीवरचा हात पुन्हा फिरायला लागला.

मंगळवारी वारा होताच. आठला विनिता गाडीत बसली, उतरली, परत आत आली. ताप मोजायचं यंत्र कुठे आहे ते सांगायचं राहिलं होतं. "सांगितलंस," बाबा म्हणाले. ती गेली, परत आली. केळं आतापासून कुस्करून ठेवायचं नाही, काळं पडतं. "बरं." तिसऱ्यांदा आली तर दाराला आतून कडी होती. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. जुई उंच खुर्चीत चमचा आपटत होती. शेजारी बाबा वाइसपुढे बसले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तारेच्या वेढ्यांमध्ये आज जराजराशी फट सोडत होते, आणि प्रत्येक फटीपाशी त्यांचं तोंड कडू व्हायचं. जुईने चमचा फेकला. बाबांनी तारेचं टोक दातात धरलं, वाकून चमचा उचलला, तिला दिला.

मग त्यांना खिडकीतली विनिता दिसली. हात दोन्ही गुंतलेले, तार दातात. त्यांनी मानेनेच तिला गाडीकडे हाकललं.

ती गेली. कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी सिग्नलला थांबली तेव्हा तिला दिसलं, कोटाच्या बाहीला सशाचे केस चिकटलेले आहेत. ते तिने झटकले नाहीत. सिग्नल सुटला तरी तिचा पाय ब्रेकवर होता; मागच्या गाडीने हॉर्न दिला, तेव्हा तिने तो उचलला.